'पर्सनॅलिटी कमी पडली' म्हणजे नक्की काय कमी पडलं?

आबोली
नमस्कार मंडळी. भाचीने हॉटेल मॅनेजमेंट केलंय. अलीकडेच तिने किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिससाठी मुलाखत दिली (नाव विचारू नका, सांगणार नाही). जाहिरातीत 'प्लीझिंग पर्सनॅलिटी' असं ठळक अक्षरांत होतं. पोरगी कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही घडाघडा बोलते, अनोळखी माणसाला दोन मिनिटांत आपलंसं करते. मुलाखत तासभर चालली, हसतखेळत झाली. पण निवड झाली नाही. ओळखीच्या एकाने आतून निरोप आणला, "पोरगी बरी आहे, पण पर्सनॅलिटी कमी पडली."

उंची चार फूट साडेअकरा, रंग सावळा. घरात सगळ्यांना अर्थ लगेच कळला. एकानेही "म्हणजे काय?" असं विचारलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

तेव्हापासून हा शब्द जिथेतिथे कानाला टोचतो. स्थळं बघताना, "मुलगा शिकलेला, नोकरी सरकारी, पण पर्सनॅलिटी नाही गो." स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे आले की ते 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व'. मे महिना आला की फलक लागतात, दहा दिवसांत पर्सनॅलिटी वाढवून मिळेल. तुमच्या घरी हा शब्द कशासाठी वापरतात? आणि मुलाखतीत त्या नावाखाली काय बघतात, कुणी आतलं माणूस असेल तर खरं खरं सांगा.

वाळपईवाला
ताई, आमच्या सत्तरी तालुक्यात पर्सनॅलिटी म्हणजे उंची, छाती आणि मिशी. बाकी काही नाही. माझे एक काका होते, सहा फूट, पांढरं धोतर, खर्जातला आवाज. बसमध्ये चढले की कंडक्टर आपणहून जागा करून द्यायचा. "काय पर्सनॅलिटी!" असं सगळा गाव म्हणायचा. प्रत्यक्षात काका भित्रे. साधं बँकेत जायचं तर काकूला पुढे करायचे. आणि काकू? साडेचार फूट, पण वाड्यावरची भांडणं तिच्या ओसरीवर मिटायची. तिच्या पर्सनॅलिटीबद्दल मात्र कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. फार तर "बायल खर आहे" म्हणायचे, म्हणजे बाई कडक आहे.

आणखी एक गंमत बघा. स्वभावाला आपण नेहमी काहीतरी विशेषण लावतो. गरीब स्वभाव, तापट स्वभाव, कुजका स्वभाव. पर्सनॅलिटीला विशेषण लागतच नाही. 'त्याला पर्सनॅलिटी आहे' म्हटलं की ती चांगलीच. एक तर असते, नाही तर नसते, वीज आल्यागेल्यासारखी.

म्हापशाचो
+१. हल्ली जिममध्ये जाणारी पोरं 'पर्सनॅलिटी बनवतोय' म्हणतात. म्हणजे दंड.

प्रा_डोकेदुखी
मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे न राहवून लिहिते. वाळपईवाल्यांचं निरीक्षण वर्गात वापरणार आहे. आमच्या विषयात पर्सनॅलिटी नसलेला माणूसच नसतो. तुमचे भित्रे काका, खर काकू, दोघांनाही ती होती. माणूस वेगवेगळ्या प्रसंगांत, वर्षानुवर्षं, साधारण एकाच धाटणीने विचार करतो, चिडतो, वागतो. ती धाटणी म्हणजे पर्सनॅलिटी. जुने लोक 'त्याचा पिंडच तसा' म्हणतात ते याच्या सर्वांत जवळ जातं, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे या शास्त्राची एक मोठी वाट आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या बोलण्यातूनच निघाली. 1936 साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे 17,953 शब्द काढले. विचार असा, की माणसामाणसांतला जो फरक रोजच्या जगण्यात महत्त्वाचा असतो, त्याला भाषेत शब्द मिळालेला असणारच. त्यातून क्षणिक मनःस्थितीचे, निव्वळ निंदा-स्तुतीचे वगैरे शब्द बाजूला केले, तेव्हा स्थिर गुण सांगणारे साडेचार हजारांच्या आसपास राहिले. पुढे कित्येकांनी कित्येक वर्षं त्यांची चाळणी केली आणि शेवटी पाच मोठे गट हाती लागले. घरगुती भाषेत सांगायचं तर नव्याची ओढ, नेटकेपणा आणि शब्द पाळणं, माणसांत मिसळण्याची हौस, दुसऱ्याशी जमवून घेणं, आणि जिवाला घोर लावून घेण्याची सवय. प्रत्येकाकडे पाचही, फक्त कमीजास्त.

या पाचांत उंची नाही, रंग नाही, दात नाहीत. आणि बहुतेक नोकऱ्यांत काम कसं होईल याचा अंदाज यातल्या ज्या गुणावरून त्यातल्या त्यात बरा बांधता येतो, तो आहे नेटकेपणा. जो मुलाखतीत सर्वांत कमी दिसतो. दिसतो तो बडबडेपणा.

म्हापशाचो
मॅडम, ते चार इंग्रजी अक्षरांचं असतं ते? आमच्या ऑफिसात सगळ्यांकडून भरून घेतलं होतं. माझं काय आलं ते विसरलो, पण शेजारच्या टेबलावरचा तेव्हापासून 'मी इंट्रोव्हर्ट' म्हणून फोनच उचलत नाही.

प्रा_डोकेदुखी
ते सोळा प्रकारांचं, एमबीटीआय. मानसशास्त्रज्ञ युंगने 1921 मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी बनवलं. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. नुसती तेवढीच खोट काढायची नाही, पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, हे मात्र वाईट. कारण माणसं मधल्या पट्ट्यातच जास्त असतात आणि ही चाचणी मधोमध रेघ मारून त्यांना इकडे किंवा तिकडे ढकलते. करमणूक म्हणून भरा. फोन उचला म्हणावं शेजाऱ्याला.

ऱ्हस्वदीर्घ
धाग्यावर आतापर्यंत कुणी चुकलेलं नाही, तरी आधीच सांगून ठेवतो. व्यक्तिमत्त्व. दोन त. व्यक्तिमत् अधिक त्व. महत्त्वासारखंच. शिबिरांच्या शंभरातल्या नव्वद फलकांवर एकच असतो.

म्हापशाचो
आले! मी म्हटलंच, अजून कसे आले नाहीत.

शिफ्टवाला
आबोलीताई, आतलं माणूस मी. कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेलांच्या भरतीत बरीच वर्षं काढली. तुमच्या भाचीचं हॉटेल कुठलं ते माहीत नाही आणि मला नकोच ते. पण 'प्लीझिंग पर्सनॅलिटी' ही ओळ आम्ही लिहीत नाही, ती जुन्या जाहिरातीतून नव्या जाहिरातीत उतरते. कुणी वाचतही नाही.

मुलाखतीत काय चालतं ते सांगतो. मी एक प्रसंग द्यायचो. दुपारचे बारा वाजलेत, चेक-इन दोनला. रात्रभर प्रवास करून आलेलं कुटुंब समोर उभं, मूल रडतंय, खोली तयार नाही. मी पाहुणा, उमेदवार काउंटरमागे. मग मी आवाज चढवायचो. निम्मे उमेदवार लगेच नियम सांगतात, "सर, चेक-इन टाइम इज टू पीएम." काही घाबरून मॅनेजरला बोलवतो म्हणतात. एखादी मुलगी काउंटरबाहेर येते, आधी मुलाला पाणी हवं का विचारते, बॅगा ठेवून घेते, रेस्टॉरंटमध्ये बसवते, हाऊसकीपिंगला फोन लावते आणि खरी वेळ सांगते. 'पाच मिनिटांत' अशी थाप मारत नाही. माझ्या लेखी मुलाखत तिथेच संपायची.

पण गुणपत्रकात रकाने चार. ग्रूमिंग, कम्युनिकेशन, अ‍ॅटिट्यूड आणि पर्सनॅलिटी, प्रत्येकी दहा गुण. पहिल्या तिघांखाली बारीक अक्षरांत खुलासा असायचा. ग्रूमिंग म्हणजे नखं, केस, इस्त्री, बूट. चौथ्याखाली काहीच नाही. कोरं. तिथे तिघे पॅनेलवाले तीन आकडे टाकायचे आणि ताळमेळ नसायचा. ज्याला जे बोलून दाखवायची लाज वाटते, ते सगळं त्या रकान्यात जातं. उंची तिथे, रंग तिथे, वजन तिथे, आडनावसुद्धा तिथेच. काही ठिकाणी अर्जासोबत पूर्ण उंचीचा फोटो मागतात, तो कशाला हे तुम्हीच ओळखा.

आबोली
शिफ्टवाले, स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. भाचीला तुमचा प्रसंग वाचून दाखवला. म्हणते, "मी आधी खोली कधी होईल ते विचारलं असतं, पाणी नंतर. खोटी वेळ सांगायची नसेल तर आधी खरी माहीत हवी ना."

शिफ्टवाला
हेही चालेल. पाठवा तिला कधीतरी.

चौथा_अटेम्प्ट
यूपीएससी करतोय (नावावरून कळलंच असेल). आमच्या मुलाखतीचं अधिकृत नावच पर्सनॅलिटी टेस्ट. 2025 पैकी 275 गुण. काय तपासणार हे नियमांतच लिहिलेलं असतं. सावधपणा, मुद्दा पटकन उचलणं, तर्कशुद्ध मांडणी, तोल सांभाळून मत देणं, आवडीनिवडींचा आवाका, चारचौघांना सोबत घेऊन जाणं, सचोटी. उलटतपासणी नसेल, हेतू ठेवून केलेल्या गप्पा असतील, असंही तिथे म्हटलंय. गप्पा कशा होतात ते विचारू नका.

सैन्याचं बघा. अधिकारी निवडणारी एसएसबी पाच दिवस चालते. साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात पहिलं येईल ते वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. गटात चर्चा, दोऱ्या-फळ्या घेऊन मैदानावरची कामं, मुलाखत. त्यात जो पास होईल तोच पुढे वैद्यकीय तपासणीला जातो आणि उंची-वजन तिथे मोजतात. म्हणजे ज्या खात्याला उंची खरोखर लागते, त्या खात्यानेसुद्धा उंची आणि पर्सनॅलिटी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलीय.

आयपीएसला बायकांसाठी किमान उंची 150 सेंटिमीटर आहे. चार फूट साडेअकरा म्हणजे 151. आबोलीताई, तुमच्या भाचीला या देशात पोलीस अधीक्षक होता येतं, रिसेप्शनिस्ट नाही!

वाळपईवाला
हे भारी आहे. उंची हवी तर सेंटिमीटर लिहा की राव. 'प्लीझिंग' कशाला?

रंगपटातून
उशिरा आलो, गावच्या जत्रेच्या नाटकाच्या तालमी चालू आहेत. आमच्याकडे हा वाद दर वर्षी पात्रं वाटताना होतो. "राजाच्या भूमिकेला पर्सनॅलिटी हवी." म्हणजे उंच आणि गोरा. एका वर्षी तसाच एक जण घेतला. मुकुट चढवला की दिसायचा अगदी कॅलेंडरवरचा. पडदा उघडला, टाळ्या पडल्या, आणि याने तोंड उघडलं. आवाज बासरीचा. तिसऱ्या अंकात तो "कोण आहे रे तिकडे?" म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतून "आम्ही आहोत, महाराज" असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी रेशन दुकानवाल्याला घेतलं. पाच फूट तीन, पोट सुटलेलं. सिंहासनावर बसताना त्याने फक्त एकदा प्रेक्षकांवरून नजर फिरवली आणि मग सावकाश बसला. मांडवातली बडबड थांबली. तो मोठ्याने काही बोललाच नव्हता अजून.

पर्सनॅलिटीचं मूळ लॅटिन 'पर्सोना', म्हणजे नाटकातला मुखवटा, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आपल्याकडचा मुखवटा मात्र उलटं काम करतो. जत्रेतल्या काल्याच्या नाटकात संकासुर येतो, काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, लांब लाल जीभ. चेहरा पूर्ण झाकलेला. तरी पोरं पहिल्या मिनिटात ओरडतात, अरे हा तर अमक्याचा तमका! खांदा उडवायची लकब, पाय फेकायची तऱ्हा, पोरांच्या अंगावर धावून जाताना मध्येच थबकणं. तोंड झाकल्यावर उरतं त्यावरूनच माणूस ओळखू येतो.

आणि आवाज. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना ज्यांनी कधी पाहिलं नाही, तेही ध्वनिमुद्रिकेतला पहिला आकार ऐकून सांगतात, केसरबाई. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. तिकडे कुणी ऐकलीच, तर त्याला बाईंची उंची कळणार नाही, पण दरारा कळेल.

मळ्यातला_म्हातारा
पोर्तुगीज शाळेत शिकलेला आहे, दोन ओळी लिहितो. त्या 'पर्सोना'चं पोर्तुगीजमध्ये 'पेसोआ' झालं, म्हणजे साधं 'माणूस'. आणि पोर्तुगालचा एक थोर कवी योगायोगाने याच आडनावाचा, फर्नांदो पेसोआ. हा गृहस्थ वेगवेगळ्या नावांनी लिहायचा. नुसती टोपणनावं नव्हेत, प्रत्येकाला स्वतंत्र जन्मतारीख, स्वतंत्र व्यवसाय, स्वतंत्र शैली. ते एकमेकांवर टीकाही करायचे.

म्हापशाचो
थोडक्यात, डुप्लिकेट आयडींचा आद्यपुरुष.

ऱ्हस्वदीर्घ
या धाग्यावरही दोघे तरी आहेत असा माझा दाट संशय आहे. नावं घेत नाही.

काळा_कोट
कायद्यातली पर्सनॅलिटी राहिलीच की. तिथे तर देहच लागत नाही. कंपनी ही मालकापासून वेगळी 'व्यक्ती' असते, हे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1897 मध्ये सॅलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात पक्कं केलं. आपल्याकडे देवाची मूर्तीही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, तसा निवाडा दिला. देव जमिनीचा मालक असू शकतो, देवाच्या नावाने दावा लावता येतो, फक्त त्याच्या वतीने कुणी माणूस उभा राहावा लागतो. न्यूझीलंडने 2017 मध्ये व्हांगानुई नदीला ही पर्सनॅलिटी दिली. त्याच वर्षी उत्तराखंडच्या हायकोर्टाने गंगा-यमुनेला दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने काही महिन्यांत स्थगित केली.

वाळपईवाला
म्हादईला द्या हो कुणीतरी! ती आमच्या सत्तरीतून वाहते आणि तिच्या वतीने भांडायला उभे राहणारे इथे पुष्कळ आहेत.

काळा_कोट
मागणी रास्त आहे, पण तिच्या पाण्यावरून भांडणारं कर्नाटक काय म्हणेल तो वेगळा धागा. आणखी एक अवांतर. हल्ली 'पर्सनॅलिटी राइट्स' गाजतायत. म्हणजे नामवंत माणसाचं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायचा नाही. दिल्ली हायकोर्टाने नोव्हेंबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन यांना असं संरक्षण दिलं, सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूर यांना. दुसऱ्या आदेशात त्यांच्या खास ढंगातल्या 'झकास'चाही समावेश आहे.

म्हापशाचो
झकास आमचा! आता माशांना झकास म्हणायचं की नाही?

काळा_कोट
म्हणा. विसवण ताजा असेल तर जरूर म्हणा. त्यांचा चेहरा छापून टी-शर्ट विकू नका म्हणजे झालं.

आगशीकर
इतका वेळ वाचत होतो. एकेकट्याच्या पर्सनॅलिटीचं चाललंय, पण अख्ख्या गोव्यावर एक पर्सनॅलिटी चिकटवून ठेवलीय त्याचं काय? 'सुशेगाद'. मूळ पोर्तुगीज 'सोसेगादु', शांत, निवांत. त्याचा पर्यटनवाल्यांनी आळशी करून टाकला. बाहेरची कंपनी येते, स्थानिकांना घ्या म्हटलं की कपाळाला आठ्या. "गोव्याची मुलं सुशेगाद असतात हो." हे म्हणणारा सकाळी आठला उठून जो पाव खातो, तो भाजणारा पोदेर मध्यरात्रीपासून भट्टीसमोर उभा असतो. रापणकार उजाडायच्या आत पाण्यात असतात. आणि हॉटेलात डबल शिफ्ट करणारी आमचीच पोरं, यांच्या सेल्फीत मागे ट्रे घेऊन दिसतात. दुपारी दोन तास दुकान बंद ठेवलं एवढ्यावर सगळ्या मुलखाचा स्वभाव ठरवून मोकळे. उन्हात डोकं तापतं म्हणून बंद ठेवतो, बाबांनो.

शिफ्टवाला
आगशीकरबाब, हे मी मीटिंगांत ऐकलंय, अगदी याच शब्दांत. कोऱ्या रकान्यात तेही जातं.

आबोली
प्रोफेसरबाई, एक विचारायचं राहिलं. ती मे महिन्यातली शिबिरं खरंच काही करतात का? भाचीची आई तिला घालू म्हणते. आमच्या आईचं मत, स्वभावाला औषध नाही.

प्रा_डोकेदुखी
आजींचं पूर्ण बरोबर नाही, शिबिरवाल्यांचं तर अजिबात नाही. पिंड बदलतो, पण सावकाश. वय वाढतं तशी माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि जास्त सांभाळून घेणारी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. नोकरी, संसार, अंगावर पडलेली कामं यांचा त्यात हात असतो. दहा दिवसांत चारचौघांत उभं राहून बोलायची भीती थोडी कमी होऊ शकते, आणि ते काही कमी नाही. पण त्याला सभाधीटपणा म्हणतात. तुमच्या भाचीकडे तो आहे, मग पैसे कशाला घालवायचे?

शिफ्टवाला
मंडळी, सध्या मी ज्या छोट्या हॉटेलात आहे तिथे फ्रंट ऑफिसची एक जागा निघालीय. हा धागा वाचून जाहिरात नव्याने लिहिली. "आठ तासांची शिफ्ट, त्यातला बराच वेळ उभं राहून. कोकणी किंवा मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी यावं. चिडलेल्या पाहुण्यापुढे आवाज चढू नये. हिशेब रात्रीच्या रात्री जुळवता यावा. फोटो पाठवू नये." मालकांना दाखवली. खूश झाले, एक शब्द बदलला नाही. फक्त छापायला देताना शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली, 'प्लीझिंग पर्सनॅलिटी आवश्यक'.

ऱ्हस्वदीर्घ
'आवश्यक' तरी बरोबर लिहिलं होतं का?

म्हापशाचो
जागा अजून आहे का? भाच्यासाठी विचारतोय. उंची पाच-अकरा. स्वभावाचं मात्र विचारू नका.